पॉन्डपर्यंत दोन झोपा

२ एप्रिल, मंगळवार

चाळीस मिनिटं! शाळेतल्या संगणकावर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आर्क्टिक बे ते पॉन्ड इनलेट, विमानाने दोनशे चाळीस किलोमीटर, वेळ चाळीस मिनिटं. एवढ्यात माझ्या चुलीवरची रोटीसुद्धा नीट भाजून होत नाही. हरखून विमानतळावर फोन केला तर तिथली पोरगी हसायलाच लागली. म्हणे असं विमानच नाही. पॉन्डला जायचं तर आधी खाली राजधानीला, इकालुइटला जा, तीन तास. तिथे थांब. मग दुसऱ्या विमानात बसून तेवढंच परत वर ये. म्हणजे पूर्वेच्या शेजाऱ्याकडे जायला दक्षिणेला जाऊन यायचं! मी म्हटलं, मग ती चाळीस मिनिटं कुणासाठी ठेवलीत? म्हणाली, पक्ष्यांसाठी.

आमच्या म्हाताऱ्याला कधी विचारलं तर तो म्हणायचा, पॉन्ड दोन झोपांवर आहे. एक झोप डोंगरात, एक खाडीच्या बर्फावर, आणि तिसऱ्या दिवशीचा चहा भावाच्या घरी. त्याचं गाव ते. लग्नानंतर माझ्या गावात राहिला आणि जन्मभर पॉन्डचं तुणतुणं वाजवत बसला. इथला मासा बेचव, इथला वारा वाकडा. पुढे गुडघा गेला, स्लेजवर बसवेना. विमानात तर तो पायच ठेवायचा नाही. पूर्वेला जायचंय तर दक्षिणेकडे तोंड करून का बसू, म्हणायचा. शेवटी राहिलंच जायचं. ऑक्टोबरात गेला तो भलतीकडेच.

मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच — टबिथाला मुलगा झाला! टबिथा म्हणजे म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाची मुलगी. आमच्या गावांत बाळंतपणं होत नाहीत म्हणून महिनाभर आधीच तिला इकालुइटला पाठवलं होतं. म्हातारा गेला त्या आठवड्यात तिनेच फोनवर म्हटलं होतं — काकी, रडू नकोस, हे बाळ तुला देईन. आपलं मूल आपल्यातल्या माणसाला देणं आमच्यात काही नवलाचं नाही. मी स्वतः मावशीकडे वाढले. आणि नाव ठेवलंय काल्लुक, आमच्या म्हाताऱ्याचंच. आमच्यात ज्याचं नाव दिलं तो माणूसच त्या पोरात परत येतो. म्हणजे आला की तो परत!

आज तिला फोन केला. रडका आवाज, ओली बाळंतीण, चालायचंच. विचारलं, मी न्यायला येऊ का? ती काही बोलली नाही. बोलेल कशाला? आमच्यात हो म्हणायला तोंड कोण उघडतं. भुवया उचलल्या की हो, नाक आखडलं की नाही. उचलल्या असणार भुवया.

३ एप्रिल, बुधवार

आजोबा आला होता चहाला. आजोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ सीमियोनी. आमच्या आजोबांचं नाव त्याला दिलंय म्हणून तो माझा आजोबा आणि मी त्याची नात. लहानपणी त्याचं नाक मी पुसलं, आणि आता तो मला "पोरी" म्हणून दटावतो. म्हणाला, "पोरी, पॉन्डपर्यंत कशाला जातेस? टबिथा शनिवारपर्यंत इकालुइटलाच आहे. तिथेच घे पोर आणि तिथूनच फीर." बरोबर बोलला. अर्धा वळसा वाचला. उद्याचंच तिकीट घेतलं.

अमाउती काढली कपाटातून. पाठीवर पोराची झोळी असलेला माझा कोट. आत किती दिवसांचा वास कोंडलाय! झोळीचा टाका उसवला होता, तो घातला. दुधाचे डबे भरले.

घरात अजून दोन कप काढते मी. रोज. दुसरा परत ठेवते. एवढं सगळं करतेय ते मूल हवंय म्हणून नाही, मला तो परत हवाय. इथे लिहिते, कुणाला बोलत नाही.

४ एप्रिल

वारा. विमान नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

विमान आलं! म्हणजे आवाज आला. ढगाच्या वर दोन घिरट्या घातल्या आणि गेलं. आम्ही सगळे सामान घेऊन वर बघत उभे. विमानात आमच्या दुकानाचा माल होता आणि गावातली दोन माणसं होती, ती आपल्या घरावरून उडून पुढच्या गावी गेली. एकाची बायको इथे खाली मांस शिजवून बसली, आणि नवरा वरून गेला! माझ्यापेक्षा त्या बाईलाच काही कळेना.

टबिथाला फोन केला, उशीर होतोय, थांब म्हणून. उचलला नाही.

६ एप्रिल

आमच्या गावाहून शनिवारी विमान नसतं. कोणी ठरवलं हे, कोण जाणे. आज ती निघणार होती. तिचंही विमान न उडो, असं मनात म्हणाले. नंतर वाईट वाटलं.

८ एप्रिल, सोमवार, इकालुइट

पोचले. पण काय उपयोग.

सकाळी आकाश घासूनपुसून लख्ख. विमानात खिडकी मिळाली. आमचं गाव बघता बघता चहाच्या कपाएवढं झालं आणि डावीकडे लांबवर पॉन्डच्या बाजूचे डोंगर दिसले. अगदी दिसले! हात केला असता तर दिसला असता कुणालातरी. आणि आम्ही त्यांच्याकडे खांदा करून चाललो खाली, तीन तास. म्हाताऱ्याचं म्हणणं पटलं पहिल्यांदाच. 

इथे गावोगावच्या गरोदर बायकांसाठी घर आहे, तिथे गेले. तिथली बाई म्हणाली टबिथा सकाळच्या विमानाने पॉन्डला गेली. शनिवारी तिचंही उडालं नव्हतं. म्हणजे माझी मागणी ऐकली गेली, आणि काही उपयोग झाला नाही. मी उत्तरेकडून खाली येत होते तेव्हा ती खालून वर जात होती. कुठेतरी हवेत एकमेकींच्या शेजारून गेलो असणार.

पण त्या बाईने एक सांगितलं ते डोक्यातून जात नाही. म्हणे, आर्क्टिक बेचं विमान किती वाजता येतं ते पोरीने दोनदा विचारलं. मग म्हणाली, मी थांबते, पुढच्या विमानाने जाईन. आणि मग एकदम उठून, पोराला कोटात घालून, धावतच गेली.

थांबणार होती की पळाली? मला समजेना. 

९ एप्रिल

पॉन्डचं तिकीट गुरुवारचं मिळालं. तोवर इथेच. या घरात आठ पोटुशा बायका आणि एक मी, रिकामी अमाउती घालून. सगळ्या विचारतात बाळ कुठे. काय सांगू, एक गाव पुढे आहे?

टबिथाने आज फोन उचलला! म्हणाली, काकी, येऊ नकोस, हवा फार खराब आहे इकडे. मी म्हटलं हवा काय, आज आहे उद्या नाही. पोर कसंय? तर म्हणाली काका छान आहे. पोराला काका म्हणते, म्हणणारच, तिच्या काकाचं नाव आहे. दूध पितो का विचारलं. खूप पितो म्हणाली. माझंच पितो. 

फोन ठेवल्यावर पॉन्डहून आलेल्या एकीला विचारलं. ती म्हणाली हवा? परवापासून ऊन पडलंय.

मग टबिथा असं का म्हणाली? बाळंतपणात डोकं फिरतं काहींचं. माझ्या मावशीचं फिरलं होतं.

११ एप्रिल, गुरुवार, आर्क्टिक बे

हो, आर्क्टिक बे! माझं घर. माझं टेबल. मी चुकून लिहीत नाहीये. लिहिताना मला स्वतःलाच पटत नाहीये, म्हणून क्रमाने लिहिते.

सकाळी इकालुइटहून निघालो. पॉन्डच्या वर आलो तेव्हा खाली कापसाची गादी पसरलेली. दोन दिवस ऊन, आणि मी आले त्या दिवशी ढग! पायलटने एकदा खाली घेतलं. ढग फाटला आणि घरं दिसली — लाल छप्पर, निळं छप्पर, एक कुत्रं, खाडीत अडकलेला बर्फाचा डोंगर. मी कमरेचा पट्टासुद्धा सोडला. आणि विमान गुरगुरत परत वर! पुन्हा एकदा तसंच. मग पायलट बोलला की उतरता येत नाही, इंधनासाठी आर्क्टिक बेला जातोय.

म्हणजे जे विमान नाही म्हणून ती पोरगी हसली होती, त्याच विमानात मी बसले होते! पॉन्ड ते आर्क्टिक बे, थेट. फक्त उलट्या दिशेने. शेजारचा पॉन्डचा माणूस घड्याळ बघत होता. म्हणाला, चाळीस मिनिटं. संगणकाचं खरं निघालं, पण ज्याला जायचं नाही त्याच्यासाठी.

खाली उतरलो तर सीमियोनी धावपट्टीवर इंधनाचा पाइप ओढत उभा, कामच ते त्याचं. मला बघून म्हणाला, "पोरी, झालं पण? पोर कुठाय?" मी म्हटलं, "वरून पाहिलं गाव. छप्परं चांगली आहेत."

विमान इंधन भरून सगळ्यांना घेऊन परत इकालुइटला जाणार होतं. पॉन्डसाठी पुन्हा दोन दिवसांनी बघू म्हणाले. विमानतळावरच्या त्या फोनवाल्या पोरीने विचारलं, आत बसतेस की उतरतेस? मी शिडीवर मध्येच उभी. खाली माझं घर दिसत होतं आणि वर माझी जागा रिकामी होती. बसले तर पुन्हा तीन तास लांब. उतरले तर पोर गेलं. मला रडूच आलं, सगळ्यांसमोर. उतरले.

सामान मात्र विमानातच राहिलं. माझे दुधाचे डबे एकटेच इकालुइटला गेले.

१२ एप्रिल

सकाळी सीमियोनी आला. नेहमीसारखा चहा मागितला नाही, उभाच राहिला. म्हणाला, त्याला उद्या पॉन्डला जायचंय स्नोमोबाईलने, मेहुण्याला मुक्तुक पोचवायला. देवमाशाची ती साल पॉन्डवाल्यांना आमचीच आवडते. मागच्या स्लेजवर पेटीत बिछाना घालून देतो, बसशील का?

मी म्हटलं, या वयात?

"वय कुणाचं विचारतेस? मी तुझा आजोबा, आणि मी चालवणार आहे."

१३ एप्रिल

डोंगरात. पहिली झोप. हाडं खिळखिळी झाली. तंबूत प्रायमस स्टोव्ह पेटलाय आणि बाहेर ऊन अजून हलायला तयार नाही. वाटेत एका वळणावर सीमियोनीने यंत्र बंद करून दगडांची एक रास दाखवली. म्हणाला, काल्लुक इथे नेहमी थांबायचा, लघवीला. बराच वेळ हसलो दोघं. हसता हसता माझं मला कळेना मी कशाला हसतेय.

१४ एप्रिल

खाडीच्या बर्फावर. दुसरी झोप. पेन गोठतंय.

१५ एप्रिल, सोमवार, पॉन्ड इनलेट

दोन झोपा. तिसऱ्या दिवशीच्या चहाला पोचलो. म्हाताऱ्याचा हिशोब चुकला नाही.

आता बाकीचं.

दार मीकाने उघडलं. मीका म्हणजे टबिथाची आई, माझी धाकटी जाऊ. मला बघून तिचा चेहरा पडला, आणि मग पटकन सावरला. आत टबिथा पोराला पाजत बसली होती. मी अंगातला बर्फसुद्धा न झटकता गेले त्याच्याकडे. काय सांगू! कपाळ तेच. झोपेत वरचा ओठ तसाच बाहेर काढलेला. मीका म्हणाली, "भावोजींना आताच आंघोळ घातली, किती ओरडले." मी म्हटलं, पाण्याचं त्याला आधीपासून वावडंच.

मग मी वळून पाठीवरची झोळी दाखवली टबिथाला. टाका घातलाय, चांगली ऊबदार आहे, उद्या निघू म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि नाक आखडलं.

मला वाटलं दूध उतरताना दुखलं असेल. पुन्हा म्हटलं, उद्या नको तर परवा. पुन्हा नाक आखडलं. डोळ्यांतून पाणी.

"तुला फोनवरच सांगितलं होतं ना, काकी."

"कधी सांगितलंस? तू तर तोंडातून अक्षर काढलं नाहीस!"

"नाक आखडलं होतं," ती म्हणाली.

फोनवर! नाक आखडलं होतं, फोनवर. आणि मी तिकडे घरी बसून भुवया बघितल्या होत्या. दोघी सारख्याच गाढव, कुणाला हसू? नंतर तिलाही कळलं होतं की मला दिसलं नसणार. इकालुइटला थांबून तोंडावर सांगणार होती. पण माझी वाट बघत बसली तेव्हा पोर हसलं झोपेत, आणि तिला वाटलं काकी आली की आपण देऊन टाकू, आपल्याने नाही म्हणवणार नाही. म्हणून पळाली. हवेचं खोटं बोलली, तेही कबूल केलं.

मी फार वाईट बोलले. दिलेला शब्द, मेलेल्या माणसाचं नाव, सगळं काढलं. हातातला कप आपटला.  पोर जागं झालं आणि ओरडायला लागलं, मग मी थांबले.

सीमियोनीच्या मेहुण्याकडे झोपायला आलेय.

१६ एप्रिल

राग जात नाही. त्या पोरीचा की माझा, तेही ठरत नाही. विमानाची वाट बघायची नाही, सीमियोनी उद्या दुपारी निघतोय, मी त्याच्याबरोबर. रिकामी आले, रिकामी जाईन.

१७ एप्रिल, बुधवार

सकाळी टबिथा स्वतः आली. पोराला कोटातून काढलं आणि माझ्या झोळीत घातलं. मी म्हटलं हे काय? म्हणाली, "थोडा वेळ फिरवून आण काकाला. तुझी पण भेट व्हायला हवी ना त्याची." म्हणाली थोडा वेळ, आणि मागे न बघता घराकडे निघून गेली. मी सरळ स्लेजवर जाऊन बसले असते तर तिने अडवलं नसतं. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पाठीवर ते वजन! इतक्या महिन्यांनी पाठ गरम झाली.

किनाऱ्याने गेले. म्हाताऱ्याच्या जन्माच्या जुन्या घराचे दगड गावाबाहेर आहेत, तोच सांगायचा ते. सापडले. समोर खाडी, पलीकडच्या बेटाचे डोंगर, ऊन. कुणीतरी माशांसाठी भोक पाडत होतं. वारा खरंच इथे सरळ येतो! जन्मभर मी त्याला थापाड्या म्हणत आले.

खांद्यावरून विचारलं, "काय म्हाताऱ्या, येतोस का घरी?"

 मान वळवून बघितलं तर झोपला होता. हाही तसाच. काही अवघड विचारलं की तो घोरायला लागायचा.

पुन्हा विचारायला गेले. कुठलं घर? या माणसाने सारा जन्म इथे यायचा ध्यास घेतला. गुडघ्याने अडवलं, विमानाला त्यानेच नकार दिला. आणि आता कसाबसा, कुठल्या वाटेने कोण जाणे, तो आपल्या गावी येऊन पोचलाय, आईच्या कुशीत, भावाच्या घरात. आणि मी एवढी तंगडतोड करून आले ती कशाला, तर त्याला परत माझ्या वाकड्या वाऱ्यात न्यायला?

 इतके दिवस वाटत होतं मी त्याला आणायला निघालेय.

खूप वेळ बसले. मग पोर रडलं, भुकेने. दूध माझ्याकडे नव्हतं, डबे इकालुइटला. उठून टबिथाच्या घराकडे चालायला लागले. ती दारातच उभी होती, पायात बूट, अंगावर कोट नाही.

सीमियोनी दुपारी निघाला, एकटाच. त्याला म्हटलं, पुढच्या खेपेला म्हाताऱ्याचा कप आण. आणि माझा पण.

१८ एप्रिल

सगळे चहाला बसलो होतो. पोर माझ्या मांडीवर. टबिथाने भीत भीत विचारलं, काकी, तुझं परतीचं विमान कधी?

मी काही बोलले नाही. नाक आखडलं. समोर बसली होती, बरोबर समजली.